कात्रीने कापलेली गोळी

१८८६ साली स्ट्रासबर्गच्या इस्पितळात आर्नोल्ड कान आणि पॉल हेप हे दोन तरुण डॉक्टर जंतांवर उपाय म्हणून रुग्णांना नॅफ्थलीन देत होते. जंत काही हटेनात, पण एका रुग्णाचा ताप मात्र झपाट्याने उतरला. चौकशी केली तेव्हा कळले, की औषधालयाने नॅफ्थलीनऐवजी भलतीच बाटली पाठवली होती. तिच्यात होते अ‍ॅसिटअ‍ॅनिलाइड, म्हणजे रंगांच्या कारखान्यात लागणारे एक स्वस्त रसायन. काले नावाच्या रंग कंपनीने त्याच वर्षी ते ‘अँटिफेब्रिन’ या नावाने बाजारात आणले. रसायन जुने, त्यामुळे त्यावर हक्क सांगता येत नव्हता. नाव मात्र नवे आणि कंपनीच्या मालकीचे. डॉक्टरने चिठ्ठीवर अँटिफेब्रिन लिहिले की दुकानदाराला तेच द्यावे लागे, बाजूच्या बरणीतले स्वस्त अ‍ॅसिटअ‍ॅनिलाइड चालत नसे. आपल्या घरांत ‘एक क्रोसिन दे’ म्हणतात, पॅरासिटामॉल कोणी मागत नाही. ही सवय अशी दीडशे वर्षांकडे झुकलेली आहे.

अँटिफेब्रिनने ताप उतरे, डोकेदुखी थांबे. पण काही रुग्णांचे ओठ आणि नखे निळी पडू लागली. शरीरात गेलेल्या अ‍ॅसिटअ‍ॅनिलाइडचा थोडा भाग अ‍ॅनिलीनमध्ये बदलतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यासाठी निकामी करतो, हा उलगडा पुढे झाला. तेव्हा एवढेच कळत होते की दुसरे काही शोधायला हवे. जर्मनीतल्या बायर कंपनीच्या रंगनिर्मितीत पॅरानायट्रोफिनॉल नावाचा टाकाऊ माल साठून राहत असे. कार्ल ड्यूसबर्ग यांच्या पुढाकाराने त्यापासून १८८७ मध्ये फिनॅसिटिन बनले. अ‍ॅस्पिरिन बाजारात यायला अजून बारा वर्षे होती. बायर औषधांच्या धंद्यात शिरली ती या टाकाऊ मालाच्या जोरावर.

गंमत अशी, की ज्या औषधाची जगाला गरज होती ते तेव्हा तयार होऊन पडले होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हार्मन मोर्स यांनी १८७८ मध्येच पॅरासिटामॉल बनवले होते. रसायनशास्त्राचा एक प्रयोग, यापलीकडे त्याला कोणी किंमत दिली नाही. १८९३ मध्ये योझेफ फॉन मेरिंग यांनी ते रुग्णांना देऊन पाहिले. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे ऑस्कर मिंकोव्स्कींच्या जोडीने दाखवणारे हेच ते फॉन मेरिंग; म्हणजे माणूस ऐरागैरा नव्हता. त्यांचा निष्कर्ष असा होता की पॅरासिटामॉलनेही रक्तात तोच निळेपणाचा दोष येतो, त्यापेक्षा फिनॅसिटिन बरे. त्यांच्या नमुन्यात बहुधा दुसऱ्या रसायनाची भेसळ राहून गेली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि संन्यासी पुढची पन्नासेक वर्षे कोणाला आठवला नाही. (आपल्याकडे त्याच १८९३ साली मुंबईत काशीनाधुनी नागेश्वरराव यांनी ‘अमृतांजन’ सुरू केले. कपाळाला चोळायच्या त्या पिवळ्या बामने निदान कोणाची किडनी बिघडवली नाही.)

फिनॅसिटिनने ती बिघडवली. निळेपणा कमी, म्हणून ते निर्धोक ठरले. निर्धोक ठरले म्हणून ते पुड्या आणि गोळ्यांतून घराघरांत, कारखान्याकारखान्यांत गेले. स्वीडनमधल्या हुस्क्वार्ना या कारखान्याच्या गावाची हकिगत वाचण्यासारखी आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिथल्या एका डॉक्टरने फिनॅसिटिन, फेनाझोन आणि कॅफीन यांची पुडी द्यायला सुरुवात केली. साथ ओसरली, पुडी राहिली. कामाचा वेग टिकवायला कामगार ती पाण्यासारखी घेऊ लागले. आजारी माणसाला भेटायला जाताना किंवा वाढदिवसाला पुड्या भेट द्यायची पद्धत पडली. पुडी घेतली नाही तर डोके दुखे, आणि डोके दुखे म्हणून पुडी घ्यावी लागे; त्यात कॅफीनचा हात होता. कुर्ट ग्रिमलुंड यांनी १९६३ मध्ये या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्रपिंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा किती जणांची मूत्रपिंडे हळूहळू झिजली होती ते पुढे आले. त्याच्या दहा वर्षे आधी स्वित्झर्लंडमध्ये स्प्युलर आणि त्सोलिंगर या डॉक्टरांनी हीच शंका मांडली होती. तिथे घड्याळांच्या कारखान्यांत बारीक काम करणाऱ्यांमध्ये डोकेदुखीच्या गोळ्यांचे प्रमाण फार होते. ऑस्ट्रेलियात गृहिणी अ‍ॅस्पिरिन-फिनॅसिटिन-कॅफीनची पूड घेत. मेलबर्नच्या डॉ. प्रिसिला किंकेड-स्मिथ यांनी तिचा मूत्रपिंडाच्या आजाराशी संबंध दाखवला आणि वर्षानुवर्षे तो लावून धरला. अखेर १९७९ मध्ये अशा मिश्रणांची खुली विक्री तिथे थांबली.

आपल्याकडे हेच मिश्रण ‘एपीसी’ म्हणून ओळखले जाई. सरकारी दवाखान्यातून कागदात बांधून मिळणारी ती पांढरी गोळी आज साठी-सत्तरीत असलेल्या कोणालाही आठवेल. भारतात फिनॅसिटिनवर बंदी आली १९८३ मध्ये. स्वित्झर्लंडमधल्या त्या पहिल्या शंकेनंतर तीस वर्षांनी.

एवढा काळ का लागला, हा प्रश्न मला या सगळ्या इतिहासातला कळीचा वाटतो. फिनॅसिटिन एका डोसात कोणाला मारत नव्हते. त्याने केलेले नुकसान दहा-वीस वर्षांच्या सवयीचे होते, आणि ती सवय लागली होती ‘यात काही धोका नाही’ या शब्दावर. डॉक्टर दोष शोधत होते औषधात. दोष होता ते किती, कशाबरोबर आणि काय सांगून विकले जाते यात. वेदनाशामक सुरक्षित आहे की नाही, याचा निकाल प्रयोगशाळेत अर्धाच लागतो. उरलेला अर्धा पाकिटावर, दुकानाच्या काउंटरवर आणि कायद्याच्या पुस्तकात लागतो. पाश्चात्त्य देश हा धडा माणसे गमावून शिकले. आपण पहिल्या अर्ध्यावर विसंबून आहोत.

पॅरासिटामॉलला पुन्हा उजेडात आणले ते न्यूयॉर्कमध्ये. बर्नार्ड ब्रोडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड यांच्याकडे काम आले होते ते अ‍ॅसिटअ‍ॅनिलाइडमुळे माणसे निळी का पडतात हे शोधण्याचे. अ‍ॅक्सलरॉड तेव्हा साधे प्रयोगशाळा सहायक होते, पीएचडीसुद्धा नव्हती. नोबेल मिळायला अजून बावीस वर्षे होती, आणि तेही दुसऱ्याच संशोधनासाठी. १९४८ मध्ये या दोघांनी दाखवून दिले, की अ‍ॅसिटअ‍ॅनिलाइड शरीरात गेल्यावर त्याचे बहुतांशी पॅरासिटामॉल होते. दुखणे थांबते ते याने. निळेपणा येतो तो अ‍ॅनिलीनच्या वाटेने जाणाऱ्या थोड्या भागामुळे. फिनॅसिटिनचीही कथा तीच निघाली. म्हणजे साठ वर्षे जग अँटिफेब्रिन आणि फिनॅसिटिन गिळत होते आणि त्याला गुण येत होता पॅरासिटामॉलचा. फॉन मेरिंग यांनी ज्याला नाकारले ते प्रत्येक रुग्णाच्या शरीरात आपोआप बनत होते.

यानंतर वेळ लागला नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी ‘टायलेनॉल’चे पातळ औषध निघाले, लाल अग्निशमन गाडीच्या आकाराच्या खोक्यात. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘पॅनाडॉल’ आले. अ‍ॅस्पिरिन पोटात जळजळ करते, कधी रक्तस्रावही; पॅरासिटामॉल पोटाला सौम्य. पुढे १९८० च्या दशकात आणखी एक गोष्ट पक्की झाली: फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना अ‍ॅस्पिरिन दिल्याने मेंदू आणि यकृताला धरणारा ‘राय सिंड्रोम’ होऊ शकतो. त्यानंतर मुलांच्या तापासाठी पॅरासिटामॉलची जागा पक्की झाली. डेंग्यूच्या दिवसांत आपले डॉक्टर तापाला पॅरासिटामॉलच घ्या, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको असे बजावतात, त्यामागेही रक्तस्रावाचेच कारण आहे. आणि पावसाळ्यात महाराष्ट्रातला कुठलाही ताप डेंग्यूचा असू शकतो.

मग १९६६ मध्ये ब्रिटनमधून बातमी आली, की पॅरासिटामॉलचा अतिरेक झालेल्या रुग्णांची यकृते जळल्यासारखी झाली. एवढे सौम्य औषध असे कसे वागते? याचे उत्तर १९७३ मध्ये अमेरिकेत मिळाले, आणि त्या संशोधकांमध्ये पुन्हा ब्रोडी होतेच. घेतलेल्या पॅरासिटामॉलचा मोठा भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. थोड्या भागापासून मात्र एक जहाल पदार्थ बनतो. त्याला गप्प करायला यकृताजवळ ग्लुटाथायोनची गंगाजळी असते. ठरलेल्या मात्रेत ती पुरून उरते. मात्रा वाढत गेली, उपासमार असली, रोजची दारू असली, तर गंगाजळी आटते. आणि आटली की तो पदार्थ थेट यकृताच्या पेशींना भिडतो.

यातली भीती वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या दिवशी रुग्णाला फारसे काही होत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी, कधी तेवढेही नाही. माणूस चालतो, बोलतो, घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागते, डोळे पिवळे होतात, आणि तोवर उपचाराची चांगली वेळ निघून गेलेली असते. एडिंबरोच्या लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७० च्या दशकात या विषावर उतारा शोधला: एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. छातीतला कफ पातळ करायला वापरले जाणारे औषध, ज्यापासून यकृत ती ग्लुटाथायोनची गंगाजळी पुन्हा भरते. पहिल्या आठ तासांत ते दिले तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचते. उशीर होईल तसा गुण कमी. म्हणून जास्त गोळ्या गेल्या आहेत असे कळले, मग त्या चुकून असोत वा कशाही, तर त्रास होण्याची वाट न पाहता लगेच मोठे इस्पितळ गाठायचे. ‘बरं वाटतंय ना, मग झोप जरा’ हा सल्ला या एका बाबतीत घातक आहे.

उतारा मिळाल्यावरही ब्रिटनमध्ये मृत्यू थांबले नाहीत. तेव्हा तिथल्या सरकारने सप्टेंबर १९९८ मध्ये गोळीला हात न लावता पाकिटाला हात घातला. किराणा दुकानात एका पाकिटात १६ गोळ्या, औषधाच्या दुकानात ३२. त्याहून मोठे पाकीट हवे असेल तर डॉक्टरची चिठ्ठी. वरवर पाहता हा नियम हास्यास्पद वाटतो. कोणी चार दुकाने फिरला तर? पण निराशेच्या भरात माणूस बहुधा घरात जे हाताशी असेल तेच उचलतो, चार दुकाने फिरत नाही. ऑक्सफर्डच्या कीथ हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार इंग्लंड-वेल्समधले पॅरासिटामॉलने होणारे मृत्यू ४३ टक्क्यांनी घटले. अकरा वर्षांत सुमारे ७६५ जीव वाचले असावेत असा त्यांचा अंदाज आहे. रेणू तोच, कारखाने तेच. बदलला तो फक्त पुठ्ठ्याचा आकार.

आता आपल्या मेडिकलच्या काउंटरवर या.

भारताच्या औषध कायद्यात ‘चिठ्ठीशिवाय विकायची औषधे’ असा वेगळा वर्गच नाही. चिठ्ठी लागणाऱ्यांच्या याद्या आहेत. त्यांत जे नाही ते खुले, असा उलटा हिशेब आहे. या कायद्याखालच्या १९४५ च्या नियमांतल्या ‘के’ परिशिष्टात मात्र एक सुंदर कलम आहे. हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात, जिथे परवानाधारक औषध दुकान नाही, तिथे काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकता येतात: अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, एरंडेल, निलगिरी तेल, टिंक्चर आयोडीन वगैरे. अट अशी, की माल कंपनीच्या मूळ, न उघडलेल्या वेष्टनातच विकायचा. ज्याने हे लिहिले त्याला पाकिटाचे महत्त्व ठाऊक होते. गंमत म्हणजे गावातल्या वाण्याला घातलेली अट शहरातल्या परवानाधारक दुकानात रोज मोडलेली दिसते. कात्री काउंटरवर दोरीने बांधलेलीच असते.

‘दोन गोळ्या द्या तापाच्या.’ पंधराच्या स्ट्रिपमधून दोन कापल्या जातात. स्ट्रिपच्या मागे औषधाचे नाव, मिलिग्रॅम, मुदत, कंपनी, आणि बारीक इंग्रजीत एक इशारा असतो: दिवसाच्या मात्रेपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घेतल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते. कापलेल्या दोन गोळ्यांच्या मागे यातले काय येते? अनेकदा एखाद्या शब्दाचे शेपूट आणि किमतीचा अर्धा आकडा. इशारा दुकानाच्या डब्यात राहतो, गोळी घरी जाते. चंदेरी तुकड्यातल्या त्या दोन गोळ्या मग आणखी अशाच तुकड्यांबरोबर स्टीलच्या डब्यात पडतात, आणि पुढच्या तापाला त्यांतली ‘पांढरी, मोठी’ शोधली जाते.

दुकानदाराला झोडपणे सोपे आहे, आणि चुकीचे. ज्याच्या खिशात दहा रुपये आहेत त्याने पंधरा गोळ्या घ्याव्यात अशी सक्ती करणे क्रूरपणाचे होईल. शिवाय गोळ्या कमी विकल्या जाव्यात हे तर ब्रिटनने कायदा करून साधले. आपल्याकडे कात्री ते फुकटात करते. घरात पॅरासिटामॉलचा साठा नसणे चांगलेच. कात्री गोळ्यांची संख्या कमी करते ते ठीक, पण त्याच फटक्यात माहितीही तोडून टाकते. तेव्हा भांडण कात्रीशी नाही, छपाईशी आहे. प्रत्येक गोळीच्या मागे तिचे नाव, मात्रा आणि मुदत छापता येते. काही कंपन्या तसे छापतातही. ते सर्वांना सक्तीचे करायला कुठलेही नवे विज्ञान लागत नाही.

नाव का हवे, ते एका आजारी माणसाच्या दिवसावरून पाहा. अंग मोडून आले, ताप आहे: ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी. नाक वाहते, शिंका येतात: मेडिकलवाल्याने सर्दीची दिली, तिच्यात बऱ्याचदा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. पाठ ठणकते: अंगदुखीची जोडगोळी, एका बाजूला आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक, दुसऱ्या बाजूला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. तीन आजार, तीन गोळ्या, तीन वेगळी नावे. एका वेळी १,४७५ मिलिग्रॅम. सकाळ-दुपार-रात्र मिळून ४,४२५. निरोगी प्रौढ माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४,००० आहे. या माणसाने कुठलाही अतिरेक केला नाही. प्रत्येक गोळी सांगितली तशीच घेतली. अमेरिकेत यकृत अचानक निकामी होण्याचे पहिले कारण पॅरासिटामॉल आहे, आणि त्यातले जवळजवळ निम्मे रुग्ण असेच, नकळत मर्यादा ओलांडलेले असतात.

भारतात तसे चित्र नाही, हेही सांगायला हवे. आपल्याकडे यकृत अचानक निकामी होते ते मुख्यतः दूषित पाण्यातून येणाऱ्या कावीळीच्या विषाणूंनी, क्षयरोगाच्या औषधांनी, आणि फॉस्फरसच्या उंदीर मारायच्या मलमाने. पॅरासिटामॉलचा क्रम बराच खाली येतो. म्हणून घाबरून जाऊन गोळी टाळावी असे अजिबात नाही. पण क्षयाची औषधे चालू असलेला, रोज रात्री दोन पेग घेणारा, किंवा नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढणारा माणूस आपल्याकडे दुर्मीळ नाही, आणि त्याच्यासाठी ४,००० ही मर्यादा फार वरची आहे. पन्नास किलोच्या आतल्या माणसालाही ती लागू नाही. एका वेळी ५०० ते १,००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, आणि रोज घ्यायची पाळी आली तर डॉक्टरला विचारून. तीन दिवसांत ताप गेला नाही तर गोळी बदलायची नाही, रक्त तपासायचे. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे पॅरासिटामॉल घेणाऱ्यांसाठी आणखी एक: झिजलेल्या गुडघ्यांवर त्याचा उपयोग फारच थोडा आहे, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ पासून ते सरसकट देऊ नये असे सांगितले आहे.

मुलांचा हिशेब याहून नाजूक. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: दर किलोला एका वेळी साधारण १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. आता बाजारात जा. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे बाळाला दीड मिलिलीटर पुरे. सिरपच्या एका बाटलीत पाच मिलिलीटरला १२५, म्हणजे सहा मिलिलीटर. दुसरीत पाच मिलिलीटरला २५०, म्हणजे तीन. तिन्ही बाटल्यांवर तेच नाव, तसलेच चित्र, तोच रंग. मागच्या वेळी डॉक्टरने ‘सहा मिली’ सांगितले होते हे आईच्या लक्षात राहते. बाटली कोणती होती ते राहत नाही. थेंबांच्या बाटलीतले सहा मिलिलीटर म्हणजे चौपट डोस. चहाच्या चमच्याने दिले तर किती गेले ते देवालाच माहीत. एकाच औषधाच्या इतक्या ताकदी कशासाठी, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपन्यांना विचारायला हवा.

पातळ औषधाचा दुसरा इतिहास महाराष्ट्राच्या जिव्हारी लागलेला आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून प्रशासनापर्यंतची साखळी उघडी केली आणि आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. ते विष नंतर फिरत राहिले, आणि त्याने वारंवार गाठली ती पॅरासिटामॉलचीच बाटली. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही. त्याला गोड, दाटसर द्रावक लागतो. चांगला द्रावक महाग, डायएथिलीन ग्लायकॉल स्वस्त, आणि चवीला दोन्ही गोड. बांगलादेशात १९९० च्या आसपास अशा सिरपने दोनशेहून अधिक मुलांची मूत्रपिंडे निकामी करून जीव घेतले. १९९२ च्या अखेरीस तिथे सिरपची विक्री बंद केली, तेव्हा ढाक्याच्या इस्पितळांत येणारी अशी मुले एकदम कमी झाली. मग १९९५-९६ मध्ये हैती. २०२२ मध्ये इंडोनेशिया.

आणि २०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी मध्य प्रदेशातला छिंदवाडा जिल्हा. खोकला-सर्दीचे सिरप घेतलेली लहान मुले लघवी बंद पडून आजारी पडली. उपचारासाठी आईबापांनी त्यांना नागपूरला आणले, कारण जवळचे मोठे इस्पितळ तिथेच. वीसहून अधिक मुले गेली, त्यातली बरीचशी नागपुरात. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल होते, क्लोरफेनिरामिन होते, फिनाइलेफ्रिन होते, आणि तपासणीत जवळजवळ निम्मे निघाले डायएथिलीन ग्लायकॉल. मर्यादा आहे ०.१ टक्का. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनची ही जोडी चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे लेबलवर छापा, हा केंद्रीय औषध नियंत्रकांचा आदेश डिसेंबर २०२३ चा. द्रावकाची प्रत्येक खेप वापरण्याआधी तपासा, हा नियम त्याहून जुना. लेंटिन अहवालाला जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. पॅरासिटामॉलचा यात काडीचा दोष नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरात समुद्रापलीकडे उलटा प्रकार घडला. गरोदर स्त्रियांनी पॅरासिटामॉल घेऊ नये, त्याने मुलांना स्वमग्नता येते, असे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पत्रकारांसमोर सांगितले, आणि आठवड्याभरात पुण्या-मुंबईच्या प्रसूतितज्ज्ञांचे फोन खणखणू लागले. स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख ८० हजार मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एका गरोदरपणात गोळी घेतलेली आणि दुसऱ्यात न घेतलेली, तेव्हा फरक राहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही असा संबंध सिद्ध झालेला नाही असेच म्हटले. गरोदरपणात ताप अंगावर काढणे बाळासाठी धोक्याचे आहे, हे मात्र सिद्ध आहे. आणि तापावर द्यायला त्या काळात दुसरे विश्वासाचे औषध फारसे नाही. फॉन मेरिंग यांच्या एका घाईच्या निष्कर्षाने जगाला अर्धे शतक फिनॅसिटिनच्या हवाली केले होते. नको तिथे भीती घातली की माणसे औषध सोडत नाहीत, दुसरे उचलतात. आपल्याकडे ते दुसरे म्हणजे डायक्लोफिनॅक किंवा निमेसुलाइड असणार, आणि तेही कात्रीने कापून.

राज्याच्या औषध प्रशासनाला आणि केंद्राला करता येण्याजोगे बरेच आहे आणि त्यातले काहीच अवघड नाही. गोळीमागे नाव आणि मिलिग्रॅम, तेही मराठीसह स्थानिक भाषेत. मुलांच्या सिरपची एकच ताकद, आणि प्रत्येक बाटलीबरोबर खुणांची सिरिंज. सर्दीच्या गोळीवर ‘यात पॅरासिटामॉल आहे’ हे तिच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. सिरपच्या द्रावकाचा तपासणी अहवाल खेपेगणिक जाहीर. औषधाच्या दुकानात फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते. तो माणूसही काउंटरमागे असावा, आणि तिसरी गोळी देताना त्याने ‘आधी काय घेतलंय?’ एवढे तरी विचारावे.

घरात कोणाच्या पोटात जास्त गोळ्या गेल्या आणि तुम्ही इस्पितळात पोहोचलात, तर तातडीच्या विभागातला डॉक्टर पहिले तीन प्रश्न विचारतो: कोणती गोळी, किती, आणि किती वाजता. रक्तातल्या पॅरासिटामॉलची पातळी ठरावीक तासांनंतरच मोजता येते आणि ती तपासणी तालुक्याच्या ठिकाणी सहसा होत नाही. त्यामुळे एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन सुरू करायचे की नाही, हे त्याला बहुतेक वेळा या तीन उत्तरांवरच ठरवावे लागते.